आठवी-नववीला भूगोल सोडून इतर विषयांत ऑनलाइन नकाशे खरंच कामी येतात का?

नवीनच नोकरीला लागलात आणि मुख्याध्यापक म्हणतात 'नकाशे वापरा', पण भाषेच्या, गणिताच्या तासाला त्यांचं करायचं काय, हा तुमचा प्रश्न. मी नागपुरात संस्कृत आणि मराठी शिकवतो, भूगोलाशी माझा संबंध नाही. तरी माझा सगळ्यात रंगलेला तास नकाशावरच झाला.

आमच्या पोरांना रामटेक पाठ आहे. सहल, नवस, सगळं तिथेच. कालिदासाच्या मेघदूतात शापित यक्ष ढगाकरवी बायकोला निरोप धाडतो, तो जिथून, तो रामगिरी हाच, असं आम्ही सांगतो. एकदा गूगलच्या 'माय मॅप्स'वर रामटेकला खूण केली आणि यक्षाने ढगाला सांगितलेली वाट पोरांकडूनच आखून घेतली: आम्रकूट, विदिशा, उज्जयिनी, दशपूर म्हणजे आजचं मंदसौर, कुरुक्षेत्र, कनखल, कैलास. टिपणात आम्रकूट म्हणजे अमरकंटक असं होतं. रेघ रामटेकहून ईशान्येला गेली आणि तिथून झपकन पश्चिमेला वळली. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ढग उलटा कायले जाऊन रायला जी?"

अभ्यासकांचा वाद नेमका यावरच आहे. काही जण रामगिरी छत्तीसगडातल्या सरगुजाकडचा रामगड मानतात. तिथून आखली तर रेघ बरीच सरळ येते. रामटेकची बाजू ठामपणे मांडणारे संस्कृत पंडित वा. वि. मिराशी आपल्या नागपूरचेच. वर्गात दोन तट पडले. मग विदिशा ते उज्जैन अंतर मोजलं, सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या वर. वाट वाकडी होईल तरी उज्जयिनी चुकवू नकोस, असं यक्ष का विनवतो, ते मला वेगळं समजवावंच लागलं नाही.

गणितवाल्या मॅडमनी माझ्यावर ताण केली. नागपूरचं रेखांश नकाशावर बघायचं, साधारण 79.1 अंश. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंशांची. एका अंशाला 4 मिनिटं धरली की आपला सूर्य घड्याळाच्या 13-14 मिनिटं मागे निघतो, मुंबईचा 38 मिनिटं. त्रैराशिक कधी करून झालं ते पोरांना कळलंही नाही. इतिहासाला नागपूरकर भोसले आणि इंग्रजांची सीताबर्डीची 1817 ची लढाई आहेच: गूगल अर्थ तिरपं करून दोन टेकड्या दाखवा, धाकटी हातची गेल्यावर थोरलीवरचे इंग्रज का धास्तावले ते दिसतं.

एक चूक मात्र मी केली. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, त्यावर निबंध होता. कुठे पाणी आलं तिथे खुणा करा म्हटलं, तर पोरांनी थेट आपापल्या घरांवर नावासकट खुणा केल्या, आणि नकाशाची लिंक सगळ्यांना खुली. त्याच रात्री पुसत बसलो. तेव्हापासून खूण चौकावर, घरावर नाही, आणि खातं फक्त माझं.

साहित्य म्हणाल तर एक प्रोजेक्टर पुरतो. माय मॅप्स संगणकावर वापरा, मोबाइलवर खुणा करणं जिकिरीचं. नेट ऐनवेळी रुसतंच, म्हणून कोऱ्या नकाशाचे स्क्रीनशॉट आदल्या दिवशी काढून ठेवा. आणि वाट आधी स्वतः आखून बघू नका. मी आखली असती तर तो वळसा मीच गुपचूप झाकला असता.