अळ्या राहू द्या, पाखरं येतील

प्रश्न : घरामागे २० बाय ३० फुटांची बाग आहे. क्रोटन, अरेका पाम, हिरवळ, सगळं टवटवीत. पण कबुतरांखेरीज पाखरू फिरकत नाही. कोणती देशी झाडं लावावीत? कढीपत्त्यावर अळ्या पडल्या आहेत, त्यावर नीम तेल फवारू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फवारू नका. तुमच्या बागेत पक्ष्यांच्या कामाचं सध्या तेवढंच आहे. शिंजीर फुलांतला मध पितो, बुलबुल फळं खातो. पण पिल्लांना दोघंही भरवतात ते किडे, अळ्या, कोळी. क्रोटन-अरेकावर इथल्या फार थोड्या अळ्या जगतात. कढीपत्त्यावरच्या बहुधा ‘बहुरूपी’ फुलपाखराच्या असतील : लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, मोठेपणी हिरव्या. छातीएवढं निरोगी झाड पानं गेली तरी पुन्हा फुटतं. रोप फूटभराचंच असेल तर अळ्या उचलून कागदी लिंबाच्या झाडावर सोडा. नीम तेल सेंद्रिय असलं तरी अळ्यांचं खाणं आणि वाढ थांबवतंच.

आता लागवड. उंबर-पिंपळावर पक्षी तुटून पडतात, पण एवढ्या जागेत त्यांची मुळं भिंतीत आणि नळात शिरतील, ते नकोतच. अर्धी हिरवळ काढून भर उन्हात धायटीची दोन देशी झुडपं लावा, मध्ये ५ फूट सोडून. जानेवारी ते एप्रिल लाल फुलं येतात आणि शिंजीर त्यांच्यावर दिवसभर असतात. छाटणी फुलोरा संपल्यावर, पावसाच्या तोंडाशी. दिवाळीनंतर छाटलीत तर त्या वर्षीची फुलं गेली. धायटी मरते ती बहुतेकदा मुळाशी पाणी साचून. माती काळी असेल तर मुरूम मिसळून उंचवट्यावर लावा.

अर्धवट सावलीत अडुळसा. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचे वीतभर तुकडे करून दोन डोळे (जिथून फुटवे येतात ते सांधे) मातीत जातील असे आषाढात खोचा. कुंपणाला ३-३ फुटांवर करवंद. त्याच्या काटेरी जाळीत बुलबुलाचं घरटं मांजरापासून सुरक्षित राहतं. करवंदाचं बी फळातून काढल्याबरोबर पेरा, वाळवून ठेवलेलं सहसा उगवत नाही.

रोपांसाठी दीड फुटाचा खड्डा, त्यात एक तृतीयांश शेणखत. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी. झुडपांखाली पालापाचोळ्याचा ३ इंचांचा थर राहू द्या, दयाळ तिथेच किडे टिपतो.

मे महिन्यात कात्री लावण्याआधी झुडपात घरटं नाही ना, हे नीट पाहा. असेल तर छाटणी महिनाभर पुढे ढकला.