पहिल्या कवितासंग्रहासाठी छोटा प्रकाशक पैसे मागतोय, द्यावेत का?

द्या की. फक्त कशाचे देताय ते आधी विचारा. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे लावले असतील तर तिथूनच उठा, तो सरकारकडनं फुकट मिळतो.

माझा पहिला संग्रह ज्यानं काढला त्याचं प्रकाशन म्हणजे तो, त्याची बायको आणि संध्याकाळी येणारा डीटीपीवाला, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणारा. निम्मे पैसे माझे, निम्मे त्याचे. पण त्याआधी त्यानं बाड घरी नेलं आणि महिन्यानं समोर ठेवून म्हणाला, यातल्या आईवरच्या सगळ्या मिळून एकच कविता आहे, कुठली ठेवायची ते सांगा. मी चहा न पिताच निघून आलो. शेवटी एकच ठेवली, आणि ती कुठली यावरनं परत वाजलंच. मग डीटीपी. माझ्या ओळी लांब, डेमी आकाराच्या पानातही मावेनात, ऑपरेटर आपला एंटर मारून ओळ खाली ढकलायचा, श्रीलिपी या जुन्या फॉन्टातनं युनिकोडमध्ये आणताना रफार उडाले ते वेगळंच. हा प्रकाशक त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसला, टाइप बारीक केला, समास कमी केला, तरी न मावलेला तुकडा उजवीकडे सरकवून लावायला लावला. दोन कविता एका पानावर कोंबायच्या नाहीत म्हणून चार फॉर्मचं पुस्तक पाच फॉर्मचं झालं, फॉर्म म्हणजे सोळा पानं, 64 ची 80 पानं, आणि वाढीव कागद त्याच्या खिशातनं. मोठ्या प्रकाशनात कोण करतं हे एका नवख्या कवीसाठी?

आणि आमच्या ओळखीचे एक मराठीचे सर अजून भेटले की विचारतात, "स्वखर्चानं ना?" अहो सर, 1976 मध्ये मुंबईत आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि अरुण कोलटकर या कवींनी क्लिअरिंग हाउस नावाचं प्रकाशन काढलं ते आपलीच पुस्तकं छापायला, कोलटकरांची इंग्रजी 'जेजुरी' तिथनंच आली. पुढच्याच वर्षी कोलटकरांचा मराठी संग्रह अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनानं काढला, म्हणजे दोस्तानंच. तिथं कुणी विचारतं का, खर्च कुणाचा म्हणून? सरांचा स्वतःचा संग्रह नामांकित प्रकाशनाचा, त्यात एका कवितेच्या शेवटच्या दोन ओळी पुढच्या कवितेच्या डोक्यावर छापल्यात. प्रूफ दाखवलंच नव्हतं त्यांना.

हां, सगळे छोटे प्रकाशक असे नसतात, बरेच जण नुसते छपाईचे दलाल, कविता वाचतही नाहीत. म्हणून पहिल्या भेटीत पैशाचं नंतर, आधी कुठली कविता आवडली नाही ते विचारा, सांगता आलं नाही तर दुसरा बघा. करार लेखी करा, हक्क तुमच्याकडे, तुमच्या प्रती किती, उरलेल्यांचं काय. विक्रीच्या भानगडीत फार जीव अडकवू नका, वितरक कमिशन तगडं कापतो, दोन-तीनशे प्रती पुरतात, लागल्या तर डिजिटल छपाईवर परत काढता येतात. आणि शेवटचं प्रूफ कागदावर काढून बघा, मोबाइलवर पीडीएफ बघून ओके म्हणू नका, ओळी कुठं तुटल्यात ते त्यात कळत नाही.