किल्टवर स्पोरन घालावे की नाही?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे राहतो. त्याच्या तिथल्या एका सहकाऱ्याचे लग्न ऑगस्टमध्ये दुपारी आहे आणि जवळच्या सर्व मित्रांनी किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचे चुणीदार वस्त्र, घालावा, असा नवरदेवाचा आग्रह आहे. भावाने भाड्याचा किल्ट घालून पाहिला आणि घरी फोटो पाठवला. अंगात ट्वीडचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, कोट आणि समोर मधोमध एक केसाळ पिशवी होती. ती पाहून आमची आजी म्हणाली, "हे काय लोंबून राह्यलं? काहाडून टाक म्हणा त्याले." भावालाही ती पिशवी अवघड वाटते. ती घालणे आवश्यक आहे का? आजी माळकरी असल्याने चामड्याचाही प्रश्न आहे. शिवाय, वैशाखात गावी होणाऱ्या स्वतःच्या स्वागतसमारंभातही हाच पोशाख घालण्याचा त्याचा विचार आहे.
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आपल्या भावाने त्या लग्नात स्पोरन, म्हणजे ती समोरची पिशवी, अवश्य घालावे. मात्र फोटोतले केसाळ स्पोरन बदलून साधे घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आजींना ती पिशवी निरर्थक वाटली, कारण तिचे काम त्यांना कोणी सांगितले नसावे. किल्टला खिसा नसतो. पूर्ण मापाच्या किल्टला सुमारे आठ वार लोकरी कापड लागते, म्हणजे आपल्या नऊवारी लुगड्याला जेमतेम एक वार कमी; पण त्यातले बहुतेक कापड मागच्या चुण्यांमध्ये जाते आणि समोर एकावर एक येणारे दोन सपाट पदर तेवढे राहतात. अशा वस्त्रात पैसे, किल्ल्या आणि आता मोबाइल ठेवायचा कुठे, या अडचणीतून स्पोरन आले. स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेत या शब्दाचा अर्थच पैशाची पिशवी असा आहे. आपल्याकडे धोतर नेसणारी म्हातारी माणसे पानतंबाखूची चंची कमरेला खोचत आणि पैसे कनवटीला लावत. आजींना इतके सांगितले तरी पुरे, कारण घरातल्या कोणा ना कोणाच्या कमरेची चंची त्यांनी निश्चितच पाहिली असेल. जुनी स्पोरने हरणाच्या किंवा वासराच्या कातड्याची आणि तोंडाशी दोरी ओढून मिटणारी असत, म्हणजे रूपानेही ती आपल्या बटव्याच्या जवळची होती. पितळी किंवा चांदीच्या घडणीची तोंडे त्यांना नंतर आली.

स्कॉटिश लोकांना हा पोशाख इतका जिव्हाळ्याचा का, हेही भावाने जाणून घ्यावे. स्कॉटलंडमध्ये राजसत्तेविरुद्ध झालेल्या 1745 च्या उठावानंतर ब्रिटिश संसदेने 1746 मध्ये कायदा करून तिथल्या पुरुषांना किल्ट घालण्यास मनाई केली. सैन्यातील लोकांना त्यातून सूट होती, पण इतरांना पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद आणि दुसऱ्याला सात वर्षे सागरापार हद्दपारी अशी शिक्षा होती. हा कायदा 1782 मध्ये रद्द झाला. एके काळी ज्या कपड्यासाठी माणसे तुरुंगात गेली असती, तो कपडा एखादा स्कॉटिश मित्र आपल्या लग्नात आपल्याला घालायला सांगतो, तेव्हा तो आपल्याला घरचा माणूस मानतो. म्हणून परक्याने किल्ट घालावा की नाही, ही शंका येथे उरत नाही. पण घालायचाच तर नीट घालावा. स्पोरनावाचून समोरचा सपाट भाग मोकळा आणि अपुरा दिसतो, आणि लग्नाच्या फोटोत ते आणखी जाणवते.

आता कोणते स्पोरन, हा खरा विचाराचा भाग आहे. फर लावलेले आणि वर चकचकीत धातूची पट्टी असलेले स्पोरन संध्याकाळच्या औपचारिक समारंभासाठी असते. बो टाय आणि 'प्रिन्स चार्ली' नावाच्या आखूड कोटाबरोबर ते शोभते. घोड्याच्या लांब केसांचे स्पोरन लष्करी पाइप बँडचे, म्हणजे बॅगपाइप वाजवणाऱ्या पथकाचे, त्याचा येथे संबंध नाही. दुपारचे लग्न, ट्वीडचा कोट आणि साधा लांब टाय असेल, तर तपकिरी किंवा काळ्या चामड्याचे, समोर दोन-तीन गोंडे असलेले दिवसाचे स्पोरनच योग्य होय. तरीही नवरदेवाने सर्वांसाठी एकसारखा पोशाख ठरवला असेल, तर माझे मत बाजूला ठेवून त्याचेच ऐकावे.

चामड्याविषयी आजींची भावना डावलू नये. ट्वीडच्या कापडाची आणि कृत्रिम चामड्याची स्पोरने मिळतात. भाड्याच्या दुकानात नसतील, तर भावाने विकत घ्यावे, म्हणजे गावीही तेच चालेल. फरचे स्पोरन मात्र विकत घेऊन भारतात आणू नये, कारण काही फर सीलसारख्या वन्य प्राण्यांची असते आणि अशा वस्तू देशात आणण्यावर कायद्याची बंधने आहेत.

अवघडलेपण बरेचदा चुकीच्या बांधणीतून येते. स्पोरनाची साखळी किंवा पट्टा कमरेमागे किल्टच्या लुपांतून ओवावा आणि स्पोरनाचा वरचा काठ पट्ट्याच्या बकलाखाली साधारण चार बोटांवर, अगदी मधोमध यावा. साखळी सैल राहिली, तर ते खाली घसरून चालताना मांडीवर आपटते. आजींना जे 'लोंबणे' दिसले, ते बहुधा हेच असावे. आत जड वस्तू कोंबू नयेत, मोबाइल आणि थोडे पैसे पुरेत. जेवणानंतर नाच असतो, त्या वेळी ते कमरेच्या बाजूला सरकवून घ्यायची तिकडे रीतच आहे, त्यामुळे भावाने तसे करण्यात संकोच करू नये.

गावच्या समारंभाबाबत माझा सल्ला वेगळा आहे. वैशाखात विदर्भाचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हात मांडवाखाली आठ वार लोकर, गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे आणि वर कोट घालून पाहुण्यांच्या भेटी घेणे प्रकृतीला झेपणारे नाही. समारंभ पौष-माघात घेता आला तर किल्ट खुशाल घालावा, आणि तेथेही स्पोरनासह. आहेराची पाकिटे ठेवायला ते लहान पडेल, तेवढ्यासाठी शेजारी एक भाऊबंद पिशवी घेऊन उभा ठेवावा. तारीख वैशाखातलीच पक्की असेल, तर सुती धोतर आणि सदरा घालावा आणि ॲबर्डीनच्या लग्नातला फोटो मोठा करून मांडवाच्या दाराशी लावावा.