जुन्या कास्ट आयर्न बुलेटचे इंजिन कमी खर्चात घरी बांधता येईल का?

आपली १९८६ ची बुलेट ३५० निळा धूर सोडते, हाताशी वीस हजार रुपये आहेत, इंजिन घरीच उघडायचे आहे आणि गावातील मेकॅनिक ‘नुसत्या रिंगा बदला, भागेल’ असे सांगतात, असे आपण लिहिले आहे. आपला प्रश्न पिस्टन कोणत्या कंपनीचा घ्यावा हा आहे. मी मात्र त्या रिंगांच्या (पिस्टनभोवती बसून सिलिंडरच्या भिंतीला टेकणाऱ्या कड्यांच्या) सल्ल्यामुळे लिहीत आहे, कारण त्यावरून आमच्या घरात आजही वाद होतो.

आमचे गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे. बाबांची बुलेट वर्षानुवर्षे काळ्या मातीच्या पांदण रस्त्याने शेतात जात होती, एअर फिल्टरकडे कोणाचे लक्ष नव्हते आणि त्या बारीक धुळीने सिलिंडर खाल्ला. बाबांच्या पश्चात गाडी माझ्याकडे आली, तेव्हा भाऊजींचे म्हणणे असे पडले की स्टँडर्ड (मूळ मापाच्या) रिंगांचा संच टाकावा आणि उरलेल्या पैशांत टाकीला रंग व मडगार्डला क्रोम करून घ्यावे. त्यांच्या ओळखीच्या मेकॅनिकने तसे केलेही. सोयाबीन निघायच्या सुमारास टाकलेल्या रिंगांनी तूर कापणीला येईपर्यंत दम सोडला. उघडून पाहिले तर वरची रिंग तुटलेली होती.

असे होणारच होते. सिलिंडर वरपासून खालपर्यंत सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथून रिंग परत फिरते, तिथे उष्णता व दाब सर्वाधिक आणि तेल सर्वांत कमी असते, म्हणून झीज तिथेच जास्त होते. त्याहून वर रिंग पोहोचत नाही, त्यामुळे तिथे न झिजलेली कड उरते. नव्या रिंगेची तीक्ष्ण धार त्या कडेवर आदळते, शिवाय खाली अरुंद आणि वर रुंद अशा सिलिंडरमध्ये तिला प्रत्येक फेरीत मिटावे आणि उघडावे लागते.

ही झीज मोजायला फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच) पुरतो. एक रिंग पिस्टनने ढकलून सिलिंडरच्या तळाशी सरळ बसवावी आणि तिच्या टोकांमधली फट मोजावी. मग तीच रिंग वर, कडेच्या जरा खाली बसवून पुन्हा मोजावे. दोन फटींमधील फरकाला ३.१४ ने भागले की व्यासातील झीज मिळते. आमच्याकडे फरक ०.६ मिलिमीटरच्या आसपास होता, म्हणजे ७० मिलिमीटरच्या बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या व्यासात) जवळपास ०.२ मिलिमीटर झीज. हे गणित मी भाऊजींना ओसरीवर बसून कागदावर मांडून दाखवले, तरी त्यांनी बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर आतून सारखा कातून मोठा करण्याला, ‘लेथवाल्याचे पोट भरणे’ म्हटले. मी बोअर करून ओव्हरसाइज (मोठ्या मापाचा) पिस्टन टाकला, आणि गाडी आज धुराविना चालते. टाकीवर बाबांच्या वेळचाच रंग आहे आणि मला तो पुरेसा आहे.

आपण आधी पिस्टन विकत घ्यावा आणि तो हातात देऊनच सिलिंडर बोअर करून घ्यावा. आमच्या भागातील लेथवर ट्रॅक्टरच्या इंजिनांचे काम अधिक येते आणि त्यातील बहुतेक इंजिने पाण्याने थंड होतात, म्हणून हे इंजिन हवेने थंड होते हे मुद्दाम सांगावे, म्हणजे पिस्टनभोवती पुरेशी फट ठेवली जाईल. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना घट्ट बसवलेला पिस्टन हमखास जाम होतो. सिलिंडरवरच्या फिन्समधला (पात्यांमधला) वाळलेला चिखल आणि रंगाचे जाड थरही काढून टाकावेत, कारण उष्णता तिथूनच बाहेर पडते. जोडताना टॅपेट (पुशरॉड या दांड्यांमार्फत व्हॉल्व्ह उघडणारे भाग) थंड इंजिनावर शून्य फटीवर लावावेत, मात्र पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे.

पिस्टनच्या कंपनीवरून एवढे डोके शिणवण्याची गरज नाही. नावाजलेला, पिन आणि रिंगांसह मिळणारा कोणताही संच चालेल.

वीस हजारांचे उत्तर मात्र बिग एंडवर, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील बेअरिंगवर, अवलंबून आहे. पिस्टन काढल्यावर कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहावा. बाजूला थोडा हलला तर चालतो, वर-खाली मुळीच हलता कामा नये. हलत असेल तर क्रँक प्रेसवर उघडून पुन्हा सरळ करून घ्यावा लागतो. ते काम घरी होत नाही आणि मग आपले अंदाजपत्रक बहुधा कोलमडेल. सिलिंडर आधीच शेवटच्या ओव्हरसाइजपर्यंत गेलेला असेल, तर स्लीव्हचा (सिलिंडरच्या आत बसवायच्या नव्या नळीचा) खर्चही धरावा. दोन्ही फटी मोजून येथे कळवा, मी हिशेब करून सांगेन. तोपर्यंत रिंगांचे पैसे कोणालाही देऊ नका.