उत्तर: हायरूल टेंपल, सोनिक आणि सात मिनिटांची पळापळ

तुझी पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं पुन्हा ठणकलं. हॉस्टेलवर स्मॅश अल्टिमेट (निन्टेंडोचा मारामारीचा व्हिडिओ गेम), तू संथ, जड गॅननडॉर्फ, समोरचा चपळ सोनिक. एक फटका मारतो आणि वेळ संपेपर्यंत हायरूल टेंपल या स्टेजभर (म्हणजे लढायच्या मैदानभर) हुंदडतो, वर तुलाच ऐकवतो की पकडता येत नाही तर खेळतोस कशाला. आणि तू विचारतोयस, माझं काय चुकतंय! तुझं नाही, स्टेजचं चुकतंय. (बटणं, शील्ड म्हणजे ढाल, रिकव्हरी म्हणजे बाहेर उडाल्यावर स्टेजवर परत येणं, हे सगळं येतं असं धरून पुढे लिहिते.)

हे स्टेज 2001 च्या मेलीपासून, म्हणजे याच मालिकेतल्या जुन्या गेमपासून आहे. चौघं-पाच जण, आयटम चालू, आरडाओरडा, यासाठी याच्यासारखं दुसरं नाही. दोघांच्या मॅचला मात्र साफ निरुपयोगी. वरून खाली उडी, खालच्या बोगद्यातून परत वर, असा अख्खा वळसा मारता येतो. वेगवान कॅरेक्टर त्यात फिरत राहिलं की गॅननचा बाप आला तरी हाताला लागत नाही. त्यात खालची ती गुहा. वर उडवलं की गडी छताला आपटतो आणि आपटायच्या क्षणी शील्ड दाबून टेक केलं, म्हणजे तोल सावरला, की स्क्रीनबाहेर न जाता जगतो. मेलीत लोक तिथे दोनशे-तीनशे टक्क्यांवरही जिवंत असायचे (टक्के म्हणजे खाल्लेला मार, जितके जास्त तितकं लांब उडतं). अल्टिमेटमध्ये फार जोराचा फटका टेक होत नाही, म्हणून थोडं बरं. हॅझर्ड (स्टेजचे स्वतःचे धोके) बंद करून फरक पडत नाही, कारण इथे हॅझर्डच नाहीत.

आता माझं. एका कॉलेज फेस्टची स्पर्धा. नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. संयोजकांनी स्टेज रँडमवर ठेवलेलं आणि नेमकं टेंपल आलं. मी बाउझर, समोर सोनिक. दोघांचा शेवटचा स्टॉक (म्हणजे जीव), मी चाळीस टक्क्यांच्या घरात, तो शंभरीपार. तो पळत सुटला. वेळ संपली, स्टॉक सारखे, म्हणून गेमने सडन डेथ, म्हणजे एका फटक्याची निर्णायक फेरी लावली. दोघंही 300 टक्क्यांवर! माझा जड बाउझर वळेपर्यंत सोनिक येऊन आदळला आणि खेळ खल्लास. अहो, जगभर अशा वेळी ज्याचे टक्के कमी त्याला विजयी धरतात, असं मी सांगायला गेले. टेबलामागच्या मुलाने कागदावरून मान वर न करता पुढच्याचं नाव पुकारलं. दुसरा म्हणाला, "स्क्रीनवर जे आलं ते फायनल." नियमावली मागितली तर एका पानावर प्रवेश फी आणि जेवणाची वेळ. हरल्याचं काही नाही, पण नियमच न लिहिणाऱ्यांनी स्पर्धा भरवूच नये, हे माझं ठाम मत आहे.

म्हणून तुलाही सांगते, मॅचच्या आधी एकच गोष्ट वदवून घे: वेळ संपली तर कोण जिंकलं? टक्क्यांवर ठरणार असेल तर पहिला मोठा फटका मारून तूच गुहेत जाऊन बस. मग त्याला यावं लागेल. सडन डेथ असेल तर टक्क्यांच्या आघाडीला काडीची किंमत नाही, स्टॉकच घ्यावा लागेल. तोही गुहेत वर मारून नाही, काठाबाहेर गाठून डाउन एअरने (हवेतून खाली मारायचा फटका).

पाठलाग अजिबात करू नकोस. गॅननकडे लांबून मारायला काही नाही, त्यामुळे या स्टेजपुरता लिंक घे. बोगद्याच्या तोंडाशी बॉम्ब ठेवायचा, सोनिक तिथून जाताना फोडायचा, वरून बाण. सोनिकवाल्याला चीड येते, आणि चिडलेला माणूस अंगावर येतो. (मी काही प्रो नाही. खरे तरबेज लोक हे वाचून हसतीलही.)

सगळ्यात सोपं म्हणजे याच स्टेजचं ओमेगा रूप निवडा. पार्श्वभूमी तीच, गाणी तीच, पाय ठेवायला एक सपाट पट्टी. मित्र त्यालाही नाही म्हणाला तर त्याला सोनिक आवडत नाही, टेंपल आवडतं. मग त्याला बाउझर दे, सोनिक तू घे, आणि एक मॅच होऊन जाऊ दे.