वाचकांचे प्रश्न : घरगुती टेस्टरवर झेनर डायोड

प्रश्न : माझ्याकडे घरी बनवलेला कंटिन्युइटी टेस्टर (जोडणी सलग आहे की तुटलेली, हे दाखवणारा) आहे. ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा रेझिस्टर, एलईडी आणि दोन प्रोब. साधे डायोड त्यावर बरोबर कळतात, पण १२ व्होल्टचा झेनरही (ठरावीक व्होल्टेजला उलट दिशेनेही वाहणारा डायोड) साध्या डायोडसारखाच दिसतो. २३० व्होल्ट रेक्टिफाय करून (एसीचं डीसी करून) ४७ किलोओहममधून दिले तर सगळे झेनर तपासता येतील का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही, मेन्सच्या वाटेला अजिबात जाऊ नका. २३० व्होल्ट रेक्टिफाय होऊन कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट चढतात. ४७ किलोओहममधून जेमतेम ७ मिलिअँपिअर जातील, त्याने झेनरचं काही बिघडणार नाही. पण रेझिस्टरवर सव्वादोन वॅट उष्णता तयार होईल, पाव वॅटचा रेझिस्टर जळून जाईल. त्याहून मोठा धोका काळ्या प्रोबचा आहे. तुमचा रेझिस्टर लाल बाजूला, काळा प्रोब मात्र थेट ब्रिज रेक्टिफायरच्या निगेटिव्हला. प्लग कसाही घाला, ही निगेटिव्ह बाजू प्रत्येक सायकलच्या अर्ध्या भागात फेजला जोडलेली असते. जमिनीवर उभं राहून ते टोक हाताला लागलं, तर मध्ये अडवायला काहीच नाही.

टेस्टरमध्ये खरी अडचण व्होल्टेज कमी पडण्याची आहे. ९ पैकी सुमारे २ व्होल्ट एलईडीच घेतो. उरलेल्या ७ मध्ये १२ व्होल्टचा झेनर उलट दिशेने वाहायला लागत नाही. म्हणून त्याच बॅटरीवर एमटी ३६०८ चं छोटं बूस्ट (व्होल्टेज वाढवणारं) मॉड्यूल बसवा आणि त्यातून २७ व्होल्ट घ्या. २८ व्होल्ट ही त्यातल्या एमटी ३६०८ आयसीची मर्यादा आहे, तिथपर्यंत ताणू नका. नवीन मॉड्यूलवरचा प्रीसेट (आउटपुट व्होल्टेज ठरवायचा स्क्रू) पुष्कळ फेरे फिरवेपर्यंत आउटपुट हलत नाही. मॉड्यूल खराब समजून फेकू नका. हे सेटिंग पुढचं काहीही जोडण्याआधी करा.

२७ व्होल्टला नुसता ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावूनही काम चालतं, पण ५.१ व्होल्टच्या झेनरला साडेचार मिलिअँपिअरच्या वर आणि २२ व्होल्टच्या झेनरला जेमतेम १ मिलिअँपिअर मिळतो. मग वाचनांची तुलना कशी करणार? ५०० मिलिवॅटच्या बीझेडएक्स ५५ मालिकेतल्या नेहमीच्या झेनरांचं व्होल्टेज ५ मिलिअँपिअरला ठरवलेलं असतं, म्हणून करंट तेवढाच कायम ठेवणं बरं. त्यासाठी एक पीएनपी ट्रान्झिस्टर पुरतो: बीसी ५५६. सपाट बाजू तुमच्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.

जोडणी अशी. २७ व्होल्टच्या पॉझिटिव्हपासून २२० ओहम एमिटरला. त्याच पॉझिटिव्हपासून लाल एलईडीचा ॲनोड (पॉझिटिव्ह पाय), त्याचा कॅथोड (निगेटिव्ह पाय) बेसला, आणि बेसपासून १० किलोओहम निगेटिव्हला. कलेक्टर लाल टर्मिनलला, निगेटिव्ह काळ्या टर्मिनलला. एलईडीचे सुमारे १.८ व्होल्ट वजा ट्रान्झिस्टरचे ०.६५, म्हणजे २२० ओहमवर सव्वा व्होल्टच्या थोडं खाली. करंट ५ मिलिअँपिअरच्या आसपास. एलईडी लालच हवा. निळा किंवा पांढरा लावला तर करंट दुपटीवर जातो आणि टर्मिनल शॉर्ट झाली की ट्रान्झिस्टर चांगलाच तापतो. झेनर लावण्याआधी टर्मिनलांवर मिलिअँपमीटर धरा; साडेचार ते सहाच्या मध्ये वाचन आलं की झालं.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: झेनरची टर्मिनल आणि जुने कंटिन्युइटीचे प्रोब पूर्ण वेगळे ठेवा. एकाच प्रोबवर दोन्ही कामं आणली, तर एक दिवस २७ व्होल्ट एखाद्या ५ व्होल्टच्या बोर्डावर जाणार. मॉड्यूलच्या इनपुटला पुश बटण लावा, म्हणजे दाबल्याशिवाय टर्मिनलवर काही येत नाही आणि बॅटरीही टिकते.

झेनर सर्किटमधून काढून, निदान एक पाय सोडवून, त्याच्यावरचा पट्टा (कॅथोडची बाजू) लाल टर्मिनलकडे ठेवून लावा. दोन्ही टर्मिनलांवर व्होल्टमीटर धरला की त्याचं व्होल्टेज दिसेल. ०.७ च्या आसपास आलं तर झेनर उलटा लागलाय. शून्य म्हणजे शॉर्ट. पूर्ण २६-२७ म्हणजे झेनर ओपन, किंवा या टेस्टरच्या आवाक्याबाहेरचा. २२ व्होल्टपर्यंत बिनधास्त तपासा. ३३ व्होल्टच्या झेनरसाठी मॉड्यूलच्या आउटपुटशी आणखी एक ९ व्होल्टची बॅटरी सिरीजमध्ये जोडा आणि ती बटण सोडलं की तुटेल अशी दोन पोलच्या बटणावर घ्या. तेव्हा बीसी ५५७ न वापरता ५५६ च हवा, कारण ५५७ ची सहनशक्ती ४५ व्होल्टची, तर ५५६ ची ६५ ची.

प्रश्न : नवा १एन४७२८ए, म्हणजे ३.३ व्होल्टचा झेनर, ५ मिलिअँपिअरवर ३ व्होल्टसुद्धा दाखवत नाही. बनावट आहे का?

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. त्याचे ३.३ व्होल्ट ७६ मिलिअँपिअरला मोजलेले असतात. ५ व्होल्टच्या खालच्या झेनरांचा वळणबिंदू (जिथे ते उलट दिशेने वाहायला लागतात) फार बोथट असतो. करंट कमी केला की व्होल्टेज बरंच खाली येतं. १२ व्होल्टच्या १एन४७४२ए चा नेमलेला करंट २१ मिलिअँपिअर, पण तो ५ लाही बाराच्या जवळच राहतो. कमी व्होल्टेजचे झेनर एकमेकांशीच ताडून बघा: एकाच पाकिटातल्या चारांपैकी तीन सारखे आणि एक फार वेगळा असेल, तर तो बाजूला काढा.

प्रश्न : काचेच्या डायोडवरचं लिखाण पुसलं गेलंय. १एन४१४८ (साधा डायोड) की झेनर, हे कसं ओळखायचं?

उत्तर : दोन्ही दिशांनी लावा. एका बाजूने ०.७ आणि दुसऱ्या बाजूने मधलंच कुठलं तरी स्थिर व्होल्टेज आलं, तर झेनर. दुसऱ्या बाजूने पूर्ण २७ आले तर १एन४१४८ असू शकतो, तसाच ३० च्या वरचा झेनरही असू शकतो. बॅटरी वाढवून ३६ वर पुन्हा बघा. ३६ लाही उघडाच राहिला तर त्याला झेनर म्हणून कुठेही लावू नका. आणि वाचन हळूहळू वर सरकताना दिसलं तर घाबरू नका. साधारण ६ व्होल्टच्या वरच्या झेनरचं व्होल्टेज तापल्यावर वाढतं, बोटांची ऊबही त्याला पुरते. टर्मिनलला लावून हात काढा, वाचन थांबलं की मग लिहून घ्या.