अंटार्क्टिकाच्या जहाजावरचा दिवस

प्रश्न : आई-बाबांना अंटार्क्टिकाच्या सफरीला पाठवतेय. जहाजावर कंटाळतील का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, कंटाळायला सवडच मिळत नाही! न्याहारी झाली की गमबूट जंतुनाशकात बुडवायचे आणि झोडियाक या रबरी होडीतून किनारा गाठायचा. किनाऱ्यावर एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी, म्हणून पाळी येईपर्यंत केबिनमध्ये न बसता डेकवर थांबायला सांगा; मला हंपबॅक देवमासे तिथूनच दिसले. पेंग्विनपासून ५ मीटर लांब राहायचं, आणि तो वाटेत आला तर आपण थांबायचं. हा नियम मला मनापासून पटतो. दुपारी पुन्हा फेरी, संध्याकाळी उद्याची माहिती. होडीत उतरताना खलाशाचा हात मनगटापाशी घट्ट धरायचा. जिने चढण्या-उतरण्याचा सराव मात्र दोघांनी आजपासूनच सुरू करावा.